लॉट एकतीस

निवड चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी पावणेपाच वाजता, आमच्या रायफल क्लबच्या सेक्रेटरींनी तीन निरनिराळ्या लॉटची काडतुसं एका पितळी परातीत ओतली आणि हाताने कालवली. परात दसऱ्याच्या शस्त्रपूजेची होती. काडतुसं पॉइंट टू टूची, सहाशे. त्यांतली दोनशे माझ्या नावाने राखून ठेवलेली होती. चाचणी रविवारी सकाळी होती. परात कालवली जात असताना खोलीत नऊ माणसं हजर होती. त्यांत मी होते आणि माझे वडील होते.

काडतुसाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर रागाचं कारण कळणार नाही. पन्नास मीटरवर पालथं झोपून मारायच्या रायफलीचं काडतूस करंगळीच्या एका पेराएवढं असतं. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी पातळ कडा, तोंडाशी शिशाची गोळी आणि गोळीवर मेणाचा पुसट हात. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं असतं. कारखान्यात एका वेळी, एका यंत्रावर, एकाच पिंपातली दारू घालून भरलेल्या काडतुसांना लॉट म्हणतात. लॉटचा नंबर डब्यावर छापलेला असतो, काडतुसावर नसतो. एकाच कंपनीचे दोन लॉट डोळ्यांना सारखे दिसतात. एका नळीतून एक लॉट बटणात बसतो आणि दुसरा बटणाच्या बाहेर सांडतो, आणि शेजारच्या नळीत नेमकं उलट होतं. असं का होतं हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मारून बघावं लागतं. आता ज्यांना परवडतं ते आपली रायफल घेऊन परदेशात जातात आणि कंपनीच्याच बोगद्यात वीस-वीस लॉट तपासून पसंतीचा लॉट घेऊन येतात. माझी भाची खराडीला नोकरी करते, तिच्या ऑफिसातला एक मुलगा नुकताच जाऊन आला. तिने मला त्याचे फोटो दाखवले तेव्हा मी फक्त, कोणता लॉट घेतला, एवढं विचारलं. तिला ते माहीत नव्हतं.

माझ्या वेळी काडतुसं कोट्याने यायची. क्लबला वर्षातून एकदा जे मिळेल ते मिळेल. मला त्या रविवारी राज्याच्या ज्युनियर संघात जागा हवी होती. जागा चार होत्या, आणि वयाच्या हिशेबाने ते माझं शेवटचं वर्ष होतं.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मूळचे ते आणि आई दोघंही वऱ्हाडातले. नोकरीसाठी पुण्यात आले आणि पुण्याची भाषा बाहेर बोलायला शिकले. घरात आल्यावर चपलांबरोबर ती भाषाही दाराशी काढून ठेवत. सकाळचे आवाज ठरलेले होते. पावणेसहाला नळाचं पाणी, मग आईचा खलबत्ता, मग बुद्धाच्या तसबिरीपुढे उभं राहून बाबांनी खणखणीत आवाजात म्हटलेलं पंचशील, आणि शेवटी भोंगा. पंचशील म्हणताना बाबा कधी घाई करत नसत. भोंगा होण्याआधी पाच मिनिटं उरली असली तरी पाचही शीलं पूर्ण लांबीने म्हटली जात. आईच्या हातच्या पातोडीच्या रश्श्याचा वास आमच्या चाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा आणि रश्श्याच्या दिवशी बाबांचे दोन सहकारी हमखास काहीतरी विचारायला येत. भरिताची वांगी मात्र आईला पुण्यात कधी मनासारखी मिळाली नाहीत. मंडईत जाऊन ती प्रत्येक वांगं दाबून बघायची. एकदा भाजीवालीने विचारलं, "अहो बाई, वांगं घेताय की जावई?" आई म्हणाली, "जावई असता तर एवढा पाह्यला नसता."

बाबांचं कामाचं वेड घरात दिसायचं. आमच्या फळीवरचे सगळे डबे चिठ्ठ्या लावलेले होते. तूर कोणत्या महिन्यात आणली, तांदूळ जुना की नवा, ज्वारी कुठली. जुना डबा संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. आणि संपल्यावर डबा पुसून, उन्हात ठेवून, मगच भरायचा. एकदा आत्या राहायला आली होती. तिने मदत म्हणून नवा तांदूळ जुन्याच्या डब्यात ओतून दिला. त्या दिवशी भात अर्धा गाळ आणि अर्धा कणीदार झाला. बाबांनी तो मुकाट्याने खाल्ला, हात धुतले, आणि डब्याच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने लिहिलं, "मिश्र". तो डबा संपेपर्यंत त्या तांदळाची फक्त खिचडी झाली. आत्या चार दिवस बोलली नाही. माझ्या वडिलांना काय माहीत होतं आणि किती पक्कं माहीत होतं, ते लक्षात यावं म्हणून हे लिहिते आहे.

रायफल मी एनसीसीत पहिल्यांदा धरली. तिथे गुण बरे पडले म्हणून आमच्या बाईंनी मला शहरातल्या क्लबात पाठवलं. क्लबने वर्गणीत सवलत दिली आणि क्लबचीच एक जाड नळीची रायफल, क्लबचंच जाड कापडाचं जॅकेट आणि क्लबचाच हातमोजा मला वापरायला दिला. सेक्रेटरींचं नाव वर्तक. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक गोष्टीसाठी एक नोटीस. "कापसाचे बोळे कानातून काढून खिडकीत ठेवू नयेत. खिडकीला कान नाहीत." ही त्यांची. शस्त्रं आणि काडतुसं ज्या खोलीत कुलपात असत तिला आम्ही कोत म्हणायचो, आणि कोतीच्या किल्ल्या मानेकाकांकडे असत. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले होते. नेम धरायला मला खऱ्या अर्थाने त्यांनी शिकवलं. बाबा मला स्कूटरवरून सोडायला येत आणि दोन वर्षांत एकदाही फाटकाच्या आत आले नाहीत. मी आत बोलवायची. ते म्हणत, "इथं बरं हाय. सावली हाय."

लॉट तपासायची कल्पना बाबांची. त्या वर्षी क्लबकडे तीन प्रकारची काडतुसं आली होती. एकाच कंपनीचे दोन लॉट, ज्यांच्या नंबरांचे शेवटचे आकडे चौदा आणि एकतीस होते, आणि दुसऱ्या कंपनीचा एक लॉट, पिवळ्या डब्यांतला. मी वर्तकांना अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "तपासा. काडतुसं तोंडात घालून चव घेणार नसाल तर क्लबची हरकत नाही." थंडीच्या तीन महिन्यांत मी दर रविवारी लवकर जाऊन टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडायची, त्यांच्यावर रायफल टेकवायची आणि पाच-पाच गोळ्यांचे गट मारायची. प्रत्येक लॉटचे दहा गट. लॉट बदलताना नळी पुसायची आणि नव्या लॉटची पहिली दहा काडतुसं नुसती मारून सोडून द्यायची. कारण प्रत्येक लॉटचं मेण वेगळं असतं आणि नळीला नव्या मेणाची सवय व्हायला तेवढ्या गोळ्या लागतात. तोपर्यंत गोळ्या कुठेही जातात. हे मला बाबांनी सांगितलं. गोळ्यांनी फाडलेली कागदी टार्गेटं मी घरी न्यायची आणि संध्याकाळी भाकरीचं ताट बाजूला सारून बाबा व्हर्नियरने गट मोजायचे. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मी मोजलेला आकडा ते मानत नसत. आधी स्वतः मोजत, मग माझा विचारत, मग मान हलवत. पिवळा डबा सरासरी चोवीस मिलिमीटर. चौदा, सत्तावीस. एकतीस, अठरा.

पुढची चूक माझी होती. मी हे सगळे आकडे एका स्वच्छ तक्त्यात लिहिले आणि तक्ता क्लबच्या फळ्यावर लावला. मानेकाका म्हणाले, "पोरी, ह्ये भाइर लावू नगंस."

"खोटं आहे का त्यात काही?"

"खरं हाय, म्हनूनच सांगतुय."

मी लावला. दोन आठवड्यांत क्लबमधल्या प्रत्येकाला एकतीस हवा झाला. तक्त्याच्या डोक्यावर मी रायफलीचा नंबर लिहिला होता. तो कुणी वाचला नाही. माझ्या नळीला मानवलेला लॉट त्यांच्या नळीला मानवेलच असं नाही, हे मी प्रत्येकाला सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एकतीसच मागितला. स्वतःच्या रायफलीवर तपासायला एकही जण बसला नाही. चाचणीला क्लबकडून सात जण उतरणार होते. सातवी केतकी. तिच्या मामांनी तिच्यासाठी स्वतंत्र काडतुसं आणली होती आणि ती तिच्याच नावाने कोतीत होती. उरलेल्या सहांमध्ये भांडण लागलं. मी राखून घेतलेले चार डबे म्हणजे क्लबच्या मालमत्तेवर अतिक्रमण, असं एका मुलाच्या वडिलांनी लेखी कळवलं. वर्तकांनी शुक्रवारी बैठक बोलावली आणि बाबांनाही निरोप पाठवला. बाबा पहिल्यांदा फाटकाच्या आत आले. कामावरून थेट आले होते. खिशाला कारखान्याचा बिल्ला तसाच होता.

"या, बसा," वर्तक म्हणाले. "आपल्या कन्येने क्लबात दुफळी माजवली आहे. एकतीस पक्ष आणि इतर."

मी म्हणाले, "सर, मी फक्त माझ्या रायफलीसाठी तपासलं."

"तुझ्या? कधी विकत घेतलीस? कळवलं नाहीस. पेढे तरी द्यायचे."

कुणीतरी हसलं. वर्तकांनी मानेकाकांना परात आणायला सांगितली. काय होणार हे मला परात टेबलावर ठेवली तेव्हा कळलं, आणि मानेकाकांना बहुधा ती आणतानाच कळलं होतं. कारण डबे फोडायला सांगितल्यावर ते जागचे हलले नाहीत. "साहेब, डबे ऱ्हाऊ द्या तसंच," एवढंच म्हणाले. वर्तकांनी स्वतः डबे फोडले. पिवळे, चौदा, मग एकतीस. काडतुसं परातीत पडताना बोरं ओतल्यासारखा आवाज झाला.

केतकीने विचारलं, "काका, माझीपण ओतू का?" तिच्या आवाजात काही खोट नव्हती. ती खरोखरच उठली होती.

"तू बस. तुझी मामांनी आणलेली आहेत. खासगी मालाला क्लब हात लावत नाही. क्लबच्या मालाचं समान वाटप. प्रत्येकी शंभर. रविवारी सकाळी इथून मोजून मिळतील."

"सर, पण एकातून दुसऱ्या लॉटवर गेलं की पहिल्या दहा गोळ्या कुठेही जातात. हे मिसळलं तर प्रत्येक गोळी पहिलीच होईल."

वर्तकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते बाबांकडे वळले. "तुम्ही त्याच खात्यातले. तज्ज्ञ. तुम्हीच सांगा. एवढंसं काडतूस. त्यात असा काय जमीन-अस्मानाचा फरक पडतो?"

बाबा परातीकडे बघत होते. मला त्या क्षणी काहीही शंका नव्हती. दिवसाला शेकडो काडतुसं मोजणारा आणि तांदळाच्या डब्यावर लाल पेन्सिलीने लिहिणारा माणूस तिथे बसला होता. बाबा म्हणाले, "तसा फार नाही पडत, साहेब."

"ऐकलंत?"

"नवीन मुलांना तर नाहीच," बाबा म्हणाले. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वर्तकांनी दोन्ही हात परातीत घातले आणि काडतुसं कालवली, भेळ कालवतात तशी. मग रुमालाने हातांचं मेण पुसलं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

स्कूटरवरून आम्ही घरी आलो. आईने त्या दिवशी पातोड्या केल्या होत्या. मी ताटावर बसले नाही. बाबा जेवले.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले.

"हळू बोल."

"फॅक्टरीत दोन लॉट मिसळले तर काय करता?"

बाबा पाणी प्यायले. "बाद करतो."

"किती?"

"सगळेच."

"मग तिथे का नाही सांगितलंत?"

"सुजा, बंदूक त्यांची हाय. जॅकेट त्यांचं हाय. सोमवारी तुले तिथंच जायचं हाय. मी त्या माणसाले चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर त्यानं तुले दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतलं असतं?"

"घेतलं नसतं तर नसतं."

"हे तुले आज वाटते."

"रोज सकाळी मुसावादा वेरमणी म्हणता. ते कुणाला ऐकवायला?"

आईने भाकरीची काठवट आदळली. "बाप हाय तो तुहा! तोंड सांभाळ. कायले बोलून राहिली अशी?"

खोटं न बोलण्याचं ते चौथं शील बाबांनी माझ्या तोंडून ऐकलं. ते उठले, ताट स्वतः घासलं, आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मला त्यांची दया आली नाही. हे मी आज कोणतीही सूट न घेता लिहिते. वर्तकांचा मला तेवढा राग नव्हता. त्यांना कळत नव्हतं. बाबांना कळत होतं, आणि कळत असून त्यांनी ते त्या खोलीत परातीच्या काठावर ठेवून दिलं. वर्तकांना साहेब म्हणाले. विचारलं नसताना एक वाक्य जास्तीचं बोलले. ते जास्तीचं वाक्य मी रात्रभर मोजत राहिले.

शनिवारी बाबांची अर्धी पाळी होती. दुपारी घरी येऊन त्यांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. तिच्यात त्यांचा स्वतःचा डायल गेज असे, जाडी मोजायचा, जुन्या बाजारातून निम्म्या किमतीत आणलेला. पेटी घेऊन ते बाहेर पडले आणि दिवे लागायच्या वेळी परतले. कुठे गेला होतात, असं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. जेवताना त्यांचे डोळे लाल होते आणि उजव्या हाताची दोन बोटं काळसर. मी ते पाहिलं आणि त्यावर विचार केला नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी क्लबवर पोचले. बाबा नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर थांबले. कोतीत टेबलावर परात होती आणि मानेकाका एकटेच होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि ड्रॉवरमधून एक खाकी पाकीट काढलं. पाकिटावर बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "३१. खात्रीची. ७४."

"तुजा बा काल दोनापास्नं सहापत्तुर हितं बसला हुता," मानेकाका म्हणाले. "समदी सहाशे हाताखालनं घातली. पिवळी तर बुडाच्या छाप्यावरनं येगळी झाली. ऱ्हायली चारशे. त्येंची कडा एकेक करून मोजली. चौदाची कडा वाईच जाड हाय म्हनं, केसाएवढी. जी मधली निघाली, दोन्हीकडची वाटली, ती परत टाकली. ही चव्व्याहत्तर पक्की. चाचनीला साठ, वर चौदा नेम बसवायला. हिशेब करूनच काढल्यात."

"तुम्ही बसू दिलंत?"

"दिलं. बाकीच्यास्नी काय फरक पडत न्हाई, त्येंनी कदी तपासलंच न्हाई. तू घे आन् गप जा."

पाकीट माझ्या हातात होतं. त्याचं वजन मला आजही सांगता येईल. ते घेतलं असतं तर मी बाबांना माफ केलं असतं, आणि शुक्रवारी जे झालं ते कुणालाही न कळता मिटलं असतं. वर्तक म्हणाले असते, बघा, मिसळून दिली तरी पोरगी पोचलीच. मला ते मिटायला नको होतं. मला टार्गेटवर, आकड्यांत, पंचांच्या सहीनिशी दिसायला हवं होतं की फरक पडतो. आणि ते बाबांनी बघायला हवं होतं. हा सगळा विचार करायला मला काही सेकंद लागले असतील. मी पाकीट फाडलं, चव्व्याहत्तर काडतुसं परातीत ओतली आणि हात घालून कालवली.

"काय केलंस ह्ये?" मानेकाका ओरडले. त्यांना ओरडताना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

"समान वाटप, काका. माझी शंभर मोजून द्या."

त्यांनी मोजून दिली. 

चाचणी आमच्याच रेंजवर होती, साडेआठला सुरू झाली. मी दुसऱ्या तुकडीत, नऊ नंबरच्या जागेवर होते. ऊन अजून चढलं नव्हतं, वारा जवळजवळ नव्हता. चटईवर झोपले, पट्टा दंडाला आवळला, श्वास अर्धा सोडून थांबवला. त्या वर्षी मी इतकी तयारीत होते की गोळी सुटताच, दुर्बिणीत बघण्याआधी, ती कुठे गेली ते मला कळायचं. त्या दिवशी कळेना. मी दहा म्हणायची आणि दुर्बिणीत नऊ दिसायचा, खालच्या बाजूला. पुढची गोळी तशीच मारली की दहा. पुढची नऊ, वर. चौदाव्या गोळीनंतर मी आधी अंदाज बांधणं सोडून दिलं. मला आठवतं की दहा-दहा गोळ्यांच्या तिसऱ्या मालिकेत आठ पडला आणि मला बरं वाटलं. पुरावा मिळाला असं वाटलं. चौथ्या मालिकेपर्यंत मला कळून चुकलं होतं की हा पुरावा वाचायला कुणी थांबणार नाही, फळ्यावर फक्त बेरीज लागते. तेव्हा मी जीव तोडून मारायला लागले. काडतुसांना ते कळलं नाही. साठ गोळ्यांनंतर माझी बेरीज पाचशे अठ्ठ्याहत्तर झाली. चौथी आलेली मुलगी पाचशे ऐंशीवर होती. केतकी दुसरी. ती जागेवरून उठून आधी माझ्याकडे आली आणि काहीतरी बोलली. मी ते ऐकलं नाही.

यादी लागली तेव्हा साडेअकरा झाले होते. मी टार्गेटांची गुंडाळी घेऊन फाटकाशी आले. बाबा स्कूटरला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि यादीबद्दल काही विचारलं नाही.

"मान्यांनी पाकीट दिलं ना तुले?"

"दिलं."

"त्याच मारल्या? निवडलेल्या?"

"हो," मी म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी हात पुढे केला. मी गुंडाळी दिली. फाटकाबाहेर उन्हात उभं राहून ते एकेक टार्गेट उलगडून बघत गेले. खाली गेलेल्या गोळ्या, वर गेलेल्या गोळ्या. एका टार्गेटवर त्यांनी अंगठ्याच्या नखाने दोन छिद्रांमधलं अंतर मोजलं, मग पुन्हा मोजलं. मग गुंडाळी नीट आवळून, रबर लावून माझ्या हातात दिली.

"मग माझंच माप चुकलं," ते म्हणाले. "मले वाटलं, कडेवरून कळते."

मी गुंडाळी काखेत धरली. स्कूटर तीन किकमध्ये सुरू झाली.

पुढे तीस वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्यांतले आकडे तपासले, आणि चुकलेल्या बातमीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी गेली पाहिजे यासाठी कित्येकांशी भांडले. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात त्यांच्याशी बोलायला मला रोज वेळ होता.

चाचणीनंतरच्या मंगळवारी बाबा कामावरून सुटल्यावर क्लबमध्ये गेले. हे मला मानेकाकांनी नंतर सांगितलं. ते तेव्हा कोतीच्या दारात उभे होते. बाबा वर्तकांसमोर बसले नाहीत, उभे राहिले. म्हणाले की शनिवारी आपण परवानगी न घेता काडतुसं वेगळी केली, त्याबद्दल माफी असावी. वर्तकांनी विचारलं, मग फायदा झाला का? बाबा म्हणाले, नाही झाला, साहेब, तुमचंच बरोबर होतं. मानेकाकांना खरं काय ते माहीत होतं.  मी त्यांना विचारलं, का नाही बोललात? ते म्हणाले, "ते तुजं काम हुतं."

शुक्रवारी फळ्यावर नवी नोटीस लागली. "क्लबच्या कोट्यातील सर्व काडतुसे यापुढे डबे फोडून एकत्र करण्यात येतील व सर्वांना समान वाटण्यात येतील. लॉट वेगळा केल्याने कोणताही फायदा होत नाही, असे दारूगोळा तपासणी विभागातील एका तज्ज्ञ पालकांनी स्वतः प्रयोग करून कळविले आहे. याविषयी यापुढे अर्ज करू नयेत." खाली सेक्रेटरींची सही होती आणि क्लबचा गोल शिक्का होता.